काटा थिर होईस्तोवर

मानवतला जिनिंगच्या फाटकाशी
माझी केबिन, चार बाय सहा.
एक खुर्ची, एक इंडिकेटर, पावतीबुक,
आणि मफलरच्या घडीत दहा भोकांचा बाजा.

बाजा इलियासभाईंनी दिला. परभणीत पेट्या दुरुस्त करतात ते.
कुणीतरी टाकून गेलं होतं, न्यायला आलंच नाही.
"ने," म्हणाले, "ही पेटीचीच पोर,
पण आईला जमलं नाही ते हिला येतं.
हिचा सूर वाकतो."

वाकतो कुठला.
दीड महिना नुसता सूं सूं करायलोय.
मोबाईलमधला टोपीवाला म्हातारा दाखवतो:
दोन नंबर ओढायचा, तीन ओढायचा, चारवर जरा रेंगाळायचं,
मग परत दोनवर येऊन टेकायचं, पारावर टेकल्यासारखं.
एवढाच तुकडा. त्याला लिक म्हणतात.
कुशावर्ताला सांगितलं, आज एक लिक बसवली,
तर तिनं माझं डोकं दिव्याखाली धरलं.
"लिखा? ड्रायव्हरायच्यात बसता, दुसरं काय होणार."

त्यात बाजा सीचा,
वाजवायचा जीमध्ये.
म्हणजे भाड्याच्या खोलीत मालकावानी राहायचं.
ते मला लगेच जमलं.

आणि हा फुंकायचा कमी, ओढायचा जास्त.
ओढून ओढून छाती गच्च होते,
मधेच नाकानं सोडून द्यावं लागतं, गुपचूप,
मोठ्या माणसांत उसासा सोडावा तसं.

वाकणं तेवढं जमेना.
इलियासभाई म्हणाले, जीभ मागं घे,
'ई' म्हणत म्हणत 'ऊ'कडं जा,
बशीतला चहा ओढतोस तसा ओढ.
ओढला. ठसका लागला.
इथल्या हवेत रुईच रुई,
भुवयांवर, डब्यातल्या भाकरीवर, काचेवर.
एका रात्री चार नंबर बसला तो बसलाच.
दोन स्क्रू काढून पत्रा उघडला,
पितळी जिभेखाली एक तंतू
कोण्या शिवारातल्या कोण्या बोंडाचा.
फुंकला. गेला.
त्या म्हाताऱ्याच्या मुलखातबी कापूसच होता म्हणे,
वेचणारेच हे वाजवायचे.
पुढं विचार करणार होतो, पण गाडी आली.

मल्लय्याची गाडी, आदिलाबादहून.
पुढची चाकं काट्यावर चढली, मागची चढली.
इंजिन बंद केलं तरी कापसाचा डोंगर डुलत राहतो
आणि आकडा:
चौदा हजार तीनशे ऐंशी
नव्वद
ऐंशी
नव्वद.
अकरा वर्षं बघायलोय मी हे.
दोन्हीच्या मधे काहीतरी असतंय खरं,
यंत्राला ते दाखवता येत नाही,
पावतीवर लिहायला रकाना नाही.
एक धरावा लागतो. मी धरतो.

त्या रात्री धरायच्या आधी
चार नंबर आत ओढत होतो, सवयीनं, आशा न ठेवता,
आणि श्वास टाळूला घासून खाली घसरला.
सूर वाकला.
इलियासभाईंच्या हिशेबात तो पंचम,
आणि पंचम हलत नसतो.
सा नि प, घराचे दोन खांब, बाकीच्यांनी काय वाकायचं ते वाकावं.
तो खांब वाकला,
मध्यमाच्या अंगणापर्यंत गेला नाही,
उंबऱ्यात उभा राहिला,
चपला हातात घेऊन.

मल्लय्या खिडकीशी आला.
"काट्याला तेल पाजा, भाऊ," म्हणाला,
"कण्हायलाय."
हो म्हणालो.
परत ओढला, नाही आला.
तोंड पुसून परत ओढला.
नाही.

आकडा कधीच ऐंशीवर थांबला होता.
पावती फाडली.
कार्बनखाली रुईचं कुसळ अडकलं असणार,
दुसऱ्या प्रतीवर
आठाच्या मधे पांढरी जागा राहिली.
तशीच दिली त्याला.