काट्यावर काटे

फुल्पमेसच्या दुकानात रोमेडने
काट्यावर काटे ठेवले.
पट्ट्यांसकट पाचशे वीस ग्रॅम.
मग पोलादाची जोडी. आकडा नऊशे ओलांडून
थोडा थरथरला, थांबला.

"ॲल्युमिनियम," तो म्हणाला,
नात्यातल्या एखाद्या नाजूक पोराबद्दल सांगावं तसं:
गुणी आहे, पण जड कामाला जुंपू नका.
उभ्या भिंतीवर नको. काचेसारख्या काळ्या बर्फावर नको.
दगडावर तर मुळीच नको,
दोन दिवसांत दात जातील.
सोप्या उतारावर, सकाळच्या घट्ट हिमावर,
जिथे पाय एवढंच मागतो की घसरू नये,
तिथे पुरे.

मला तेवढंच हवं होतं.
मी शिखरं चढत नाही.
माझे बूट मऊ तळव्याचे, वाकणारे;
त्यांना पोलाद बांधणं म्हणजे
नाकापेक्षा मोती जड.

घरी बाबांनी एक काटा नखाने दाबून पाहिला.
"हे तर चमचे," म्हणाले.
चाळीस वर्षं ऐरणीपाशी उभे राहिलेले बाबा,
डावा कान घणाला देऊन बसलेले.
त्यांच्या हातचे बारा दाती काटे
अजून भिंतीवर आहेत, तेलाचा हात फिरवलेले,
कोणी बोलावलंच तर निघायला तयार.
मी वाद घातला नाही. उजव्या कानाशी जाऊन सांगितलं,
हलके आहेत.
"तेच तर म्हणतोय."

सप्टेंबरात आम्ही हिमनदीचं टोक मोजायला जातो.
मी, वही, लाल रंगाचा डबा,
आणि टेपचं दुसरं टोक धरणारी क्रेशेंत्स,
जी मेंढपाळाच्या झोपडीपासून बोलायला लागते
आणि फक्त आकडा वाचताना गप्प होते.

वाटेत दगडांवर जुनी सालं आहेत.
सत्त्याऐंशी: इथे बसून बाबा काटे बांधत,
इथून पुढे सगळं बर्फ.
आज तिथे एक मेंढी बसली होती,
उठली नाही.
शहाण्णव. दोन हजार सहा. (हा आकडा माझ्याच हातचा,
सहाचं पोट ओघळलेलं.)
मग नुसते धोंडे, राखाडी चिखल,
पायाखाली डुगडुगणारी दोन तासांची वाट,
आणि माझे नवे काटे
पिशवीत, लोकरी मोज्यात गुंडाळलेले.

बर्फावर आम्ही चाळीस मिनिटं होतो.
काटे रुतले, सुटले, पुन्हा रुतले,
खरवस कापल्यासारखे.
एकदाही घसरले नाही.
क्रेशेंत्सने टेप ताणला, गप्प झाली.

उतरताना हिशेब लागला:
पायात चाळीस मिनिटं, पाठीवर पाच तास.
बाबांच्या वेळी नेमकं उलट होतं.
दुकानात मला वाटलं होतं
मी बर्फासाठी काटे निवडतेय.
मी दगडांसाठी निवडले होते,
ज्यांच्यावर ते कधी घालायचेच नाहीत.

एक चूक झाली. शेवटच्या पट्ट्यात
काटे सोडायचा कंटाळा केला,
चार पावलं खडकावरून गेले.
बाबांनी ते आवाजावरून नाही, बोटांनी ओळखलं.
उजव्या पायाचा पुढचा दात.
कानस काढली, बारीक दाताची,
जी ते कोणाला देत नाहीत.

"किती?" त्यांनी विचारलं.
मला वाटलं किंमत विचारतायत. सांगितली.
"ते नाही."
"एकतीस मीटर."
"पुढे?"
पुढे कधीच नसतं, बाबांनाही माहीत आहे.
"मागे."

कानस तीनदा फिरली. दात उजळला.
"पोलाद भांडतं," ते म्हणाले,
"हे लगेच ऐकून घेतं."
हातातली चांदीसारखी भुकटी
त्यांनी फुंकली नाही,
खिडकीशी नेऊन जरा वेळ पाहिली.

मग जोडी आपल्या जोडीशेजारी टांगली.
खिळ्याला कळलंही नसेल.