साखर पेठेतली बिनसाखरेची

पत्ता सांगताना मी हल्ली अडखळते.
साखर पेठ, म्हणते,
आणि जिभेवरचा पांढरा थर
आतल्या आत हसतो.

टायफॉइड गेला. चौदा दिवसांच्या गोळ्या
बरं-वाईट सगळंच झाडून गेल्या
आणि रिकाम्या घरात
ही भाडेकरीण शिरली.
येमूल डॉक्टरीणबाईंनी टॉर्च मारला,
दोनदा आ करायला लावलं.
म्हणाल्या, बुरशी आहे, यीस्ट वाढलंय.
मी म्हटलं, बाई, त्याच्याच जिवावर तर जगते!
बेकरीत अकरा वर्षं
पहाटे तीनला कोमट पाण्यात साखर घालून
मीच उठवते त्याला.
त्या हसल्या. ते वेगळं, महानंदा.
हे त्याचं चुलत भावंड समजा.

भूक मात्र एकाच घराण्यातली.

थेंब दिले, तोंडात घोळवायचे, दहा रात्री.
पथ्य? विचारलं.
साखर कमी करा, म्हणाल्या,
बाकी लोक सांगतील ते सगळंच खरं नसतं.

लोकांनी सांगितलं.
शेजारच्या सत्तम्मानं कच्चा लसूण,
नणंदेनं खोबरेल, चमचाभर, अनशापोटी,
रिक्षावाल्यानं (त्याला कुणी विचारलं होतं?) कारल्याचा रस.
दही हवं. दही नको, ताक हवं.
इडली आंबते म्हणून नको,
केळं गोड म्हणून नको,
पाव तर नकोच, पाव म्हणजे घरभेदी.
वहीत एका पानावर नको लिहीत गेले,
पान भरलं, मागची बाजूही भरली.
हवंच्या पानावर एकच शब्द उरला :
भाकरी.

चहा पहिल्या दिवशी मोरीत ओतला.
चौथ्या दिवशी कळलं, चहाला स्वतःची चव असते.
सहाव्या दिवशी कळलं,
ती मला आवडत नाही.

तर भाकरी.
मंगळवेढ्याची ज्वारी, पीठ ताजं,
थापताना कडेला चीर गेली की बोटानं सांधायची.
तव्यावर टम्म फुगली आणि मी दचकले,
ही पण?
नाही. ती नुसती वाफ. पाणी आणि जाळ.
खाली उतरवली की गुमान बसते.
मग शेगडीला टेकवून उभी करायची,
कडक होईतो, वाजेल इतकी.
महिनाभर डब्यात राहते,
बुरशी दाराशी येऊन परत जाते.
मी मात्र ती कोमट पाण्यात भिजवून खाते,
जीभ अजून सोललेली आहे.

शेंगा कुटल्या, मीठ टाकलं.
मिरची नाही.
बिनतिखटाची शेंगाचटणी,
सोलापुरात हे कुणाला सांगायचं नसतं.

दर शनिवारी जब्बारशेठ पगाराबरोबर
पाव किलो नानकटाई देतो.
या शनिवारी पुडी हलकी लागली.
उघडली तर भाजलेल्या शेंगा,
फोलं काढलेली.
त्यानं हिशेबाच्या वहीतून मान वर केली नाही.
मीही काही बोलले नाही. बोलायला गेलं की
तोंड चुरचुरतं, आणि
दुसरंही काहीतरी.

आज आठवी रात्र.
थर विरळ झालाय, कडेनं गुलाबी दिसतंय,
आरशाला जवळ जाऊन पाहिलं तर.
तीन वाजले. पत्र्यावर यंत्रमागांचा आवाज
कुठल्याशा गल्लीतून येऊन बसलाय.
मी बादलीत कोमट पाणी घेते,
त्यात यीस्टचे दाणे, वर मूठभर साखर,
ढवळते.
तर्जनीला चिकटते ती थोडीशी.
अकरा वर्षांची सवय : बोट आपोआप ओठांकडे निघतं,
हनुवटीपाशी पोचतं,
थांबतं.

मी ते बोट परत पाण्यात बुडवते.
घे बाई.
माझ्या वाटचं पण तूच खा.

पाच मिनिटं वाट पाहते.
मग पहिला बुडबुडा येतो.