गै

हजेरीपटावर एकोणिसावं नाव:
जितेश हिलाल भोई, इयत्ता तिसरी.
त्याच्यापुढे जुलैपासून माझ्याच हातचं एक अक्षर
गै गै गै गै
आणि मध्येच एखादी उभी रेघ,
उघड्या बांधावर एकटी बाभूळ असावी तशी.

दहा पस्तीसला मी मोबाईलचं बटण दाबते:
आपला पाल्य आज शाळेत अनुपस्थित आहे.
नंबर बापाचा. बाप सुरतला, उधन्यात,
साड्या रंगवायच्या मिलमध्ये.
धरणगावातली गैरहजेरी
तिकडे वाफेत, ओल्या खिशात वाजते.

वर्गात मी त्याला एकदा उभं केलं होतं.
"बघा रे, पाहुणे आले," म्हटलं होतं.
अठ्ठावीस पोरं हसली.
दुसऱ्या दिवशीचा गै
त्याच्या खात्यावर मांडला मी,
होता माझा.

गृहभेटीच्या वहीत तारीख पडावी म्हणून गेले त्यांच्या घरी.
वैजंता जिनिंगवरून नुकती आलेली,
भुवयांवर कापूस, जणू एका पाळीत म्हातारी झालेली.
ऐकलं, आणि हातातली परात तशीच राहिली.
"दप्तर लिसन जास, डबा लिसन जास,
रोज डबा रिकामा येस मॅडम,
मंग जास कोठे?"

त्याच रात्री सुरतहून फोन.
मागे यंत्रांची घरघर, तो ओरडून बोलत होता,
तरी आवाज हळूच वाटला:
"मना पोऱ्या शाळामा नही गया,
हाई माले आठे सुरतमा समजी जास.
तो कोठे जास, हाई तुमले तठे का बरं नही समजत?"

उत्तर नव्हतं. रेंज गेली असं म्हणता आलं असतं.

सकाळी त्याच्या मागे गेले, वीस पावलं सोडून.
डेअरी, पाण्याची टाकी, मग शाळेचा रस्ता डावीकडे
आणि तो उजवीकडे.
स्टेशन.
निंबाखालच्या बाकावर त्यानं डबा उघडला,
कळण्याची भाकर, अर्धी त्याला, अर्धी एका कुत्रीला.
पावणेअकराची पॅसेंजर आली, सुरतेकडून.
तो उठला. डब्याडब्याच्या दारापाशी थांबत,
उतरणाऱ्या प्रत्येकाचं तोंड बघत शेवटपर्यंत गेला.
गाडी गेली. तो डबा धुवायला नळावर.

"मग आता शाळेत का नाही येत?" मी विचारलं.
दचकला नाही. पाण्यातच बघत म्हणाला,
"उशीर होतो. मग पाहुणे म्हणतात."

बोरसे सरांना मी सगळं सांगितलं,
पाहुण्यांसकट.
म्हटलं, आधी गोष्ट घेऊ, पाढे घेऊ,
हजेरी अकराला घेऊ.
सर बराच वेळ भिंतीकडे बघत बसले.
"त्या घड्याळाचा सेल," म्हणाले,
"नाहीतरी मंदच चाललाय."

आता अकराला पाच कमी असताना
फाटकाची कडी वाजते.
कुणी मान वळवत नाही. हे शिकवायला
मला आठवडा लागला, पोरांना दोन दिवस.

मी बटण दाबत नाही, हातानं लिहिते:
आज आला.
सुरतेहून काही येत नाही.
एका शनिवारी आलं: डबा खादा का?

सगळं सरळ झालं असं नाही.
गेल्या मंगळवारी गै. पोळ्यानंतर तीन दिवस गै.
वाचायला अजून अडतो,
पण फलाटावरची पिवळी पाटी त्याला येते,
ध र ण गा व, बोट फिरवत हवेत.

परवा टेबलाशी उभा होता, उलट्या बाजूनं
पटात डोकावत.
एकोणिसाव्या ओळीवर बोट ठेवून
जुलैपासून सरकत आला, ओठ हलवत.
"मॅडम, हा ग ना?"
हो.
"ग म्हणजे गाडी. मी गाडीला गेलो
म्हणून लिहिलं तुम्ही रोज?"

मी पेनाचं टोपण शोधत राहिले.
ते पेनालाच होतं.