फट

लुगोच्या इस्पितळात सबेलाची जीभ
डॉक्टरनं गॉझमध्ये धरली आहे,
घशाशी कॅमेरा.
"ई म्हणा."
ती म्हणते. निम्मी नुसती हवाच.

पडद्यावर दोन पांढऱ्या कडा,
सेकंदाला दोनशेदा थरथरणाऱ्या,
लुकलुकत्या दिव्यानं फसवून सावकाश केलेल्या,
जवळ येतात, टेकतात जवळजवळ,
आणि मधे उरतेच काळी फट.

तीस वर्षं बुरेलाच्या धक्क्यावर
पहाटे हिनं मासळीचा भाव उतरवत आणला:
नऊ, साडेआठ, आठ,
कुणी "माझी" म्हणेपर्यंत.
हल्ली आठाच्या आतच आवाज विरतो,
गिऱ्हाईक म्हणतं, काय? काय?

डॉक्टर चित्र गोठवते.
सबेला तोंड पुसते, काचेवर बोट टेकवते.
"तारली," घोगरं हसते,
"बोटभर.
एवढीला आम्ही परत पाण्यात सोडतो."