लघुलेखिकेचा जबाब

नाव वसुधा पाताडे. वय चव्वेचाळीस. धंदा नोकरी.
राहणार घोडपदेव.
शपथेवर सांगते की

माझगावच्या कोर्टात एकोणीस वर्षं
मी दुसऱ्यांचं बोलणं टंकते आहे.
कोण किती वाजता कुठं होतं,
दिवा होता की नव्हता, सुरा कोणत्या हातात.
बायकांची मोरी दोन मजले खाली,
चावी शिपाई गुंजाळकडे,
गुंजाळ चहाला.

असं म्हणणं खरं नाही की मी पाणी फार पिते.
सकाळी अर्धा कप चहा, मग थेट साडेपाचला तांब्या.
तरी अकराच्या सुमाराला
ओटीपोटावर आतून कुणी कोपर टेकतं,
आपल्याच घरच्या टेबलावर टेकावं तसं निवांत.
साहेब म्हणतात, पुढे घ्या.
मी पुढे घेते. पायावर पाय.

रात्री चारदा उठते.
गॅलरीच्या टोकाला संडास, कडी गंजलेली.
सासूबाई अंधारात मोजतात.
बसावं तर येत नाही. थेंब, थेंब, थांबतं.
गाऊन सावरेपर्यंत पुन्हा वाटतं, राहिलंय.
काहीतरी राहिलंच आहे.

साखर तपासली, नाही.
पाच दिवसांच्या गोळ्या, तीनदा.
पंडितवहिनी म्हणाल्या, वय.
नवरा म्हणाला, सवय.
यमक जुळलं, म्हणून मीही गप्प बसले.

मग त्या मंगळवारी पिंजऱ्यात
मालन तांडेल, शिवडी कोळीवाडा.
वकिलांनी विचारलं, रात्री दोनला तुम्ही जाग्या कशा?
मुतायला उठलेली.
रोजच दोनला?
दोनला, तीनला, साडेचारला. पिशवीत गाठ हाय माझ्या.
मागच्या बाकावर कुणी हसलं.
ती नाही हसली. वकिलांकडे बघत राहिली,
भाव पाडणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तशी.
साहेब म्हणाले, लघुशंकेस उठले होते, असं घ्या.

संशयाचा फायदा किती आरोपींना दिलेला
मी टंकलाय याच बोटांनी.
ही शंका मात्र लघु.
तिचा फायदा कुणाला?

शनिवारी परळला सोनोग्राफी.
लिटरभर पाणी प्या, म्हणाले, आणि धरून ठेवा.
हसूच आलं. एवढ्या एकाच विषयात
माझा पहिला वर्ग.
सात सेंटिमीटर. पुढच्या भिंतीला. थेट मूत्राशयावर.
गर्भाशय चौदा आठवड्यांएवढं,
डॉक्टरीणबाई सहज बोलून गेल्या.
मूल नाही, हे वरच्याच रकान्यात लिहिलेलं होतं.

ऑपरेशनची तारीख अजून नाही.
आज साक्ष ऐन रंगात असताना
मी उठले. म्हटलं, साहेब, पाच मिनिटं.
गुंजाळपुढे हात केला. त्यानं चावी दिली.
साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं, काही बोललेही असतील.
ते रेकॉर्डवर आलं नाही,
कारण टंकणारी
खाली गेली होती.

वाचून पाहिलं. बरोबर आहे.