न जाणवलेले चारशे मीटर

रडारच्या खोलीत कायम तिन्हीसांज.
बाहेर दोहात बेचाळीस अंश, आत मी शाल पांघरून
हिरव्या ठिपक्यांपुढे बसलेली.

खाली धावपट्ट्या दोन, वर उतरायला चौदा.
लग्नात पहिली पंगत उठायच्या आधीच
दुसरी येऊन जेवणाऱ्यांच्या पाठीशी उभी राहते ना,
नजर पानावर, यांचा ताकभात कधी संपतो त्यावर,
तशी ती समुद्रावर थांबलेली,
एकावर एक, हजार-हजार फूट सोडून,
लांबट गिरक्या घेत, तेल जाळत.
मी म्हणते, अजून दहा मिनिटं.
वैमानिक म्हणतो, ठीक.
त्या ‘ठीक’मध्ये किती जणांची पुढची विमानं सुटतात
ते मला ऐकू येत नाही, आणि येतंही.

त्यातली निम्मी शेजारपाजारची:
मनामा, दुबई, अबू धाबी.
उडायला पन्नास मिनिटं, घिरट्यांना पंचवीस.
म्हणजे वाटीभर साखर मागायला
अख्ख्या गावाला वळसा.

विश्राम, माझा धाकटा भाऊ, सलव्यापलीकडे कॅम्पात.
त्याच्याकडे तिपाईवरची दुर्बीण
आणि जमिनीला मान्य नसलेली एक सरळ रेघ.
फोनवर सांगायचा, ताई, ह्याला इथे सबखा म्हणतात.
वर मिठाची खपली, खाली लगदा.
आपलं खाजणच गं, फक्त तिवरं नाहीत
आणि खेकड्यांमागे धावणारी पोरं नाहीत.
चारशे मीटरचा एक तुकडा तर
रात्रीतून दोन-दोन मिलिमीटर खाली बसायचा,
हलवून उठवावं, तर कूस बदलून पुन्हा आडवा.
दगड ओतले. खांब रोवले. पुन्हा मोजलं.
अम्मार नावाचा त्यांचा मुकादम
खपलीवर टिचकी मारून कान लावायचा,
कलिंगड पारखावं तसा.
उन्हाळ्यात दुपारी काम बंद, म्हणून पहाटे तीनला सुरुवात.
तेव्हा मीही ड्यूटीवर.
तो म्हणायचा, तुझी विमानं दिसतात इथून.
दिवे गोल गोल फिरतायत. कोणाला ओवाळतेस?
मी म्हणायचे, ओवाळत नाही रे, ताटकळत ठेवलंय.

गाडी सुरू झाली त्या रात्री
पडद्यावरून अकरा फेऱ्या गेल्या,
पाढ्यांसारखे पाठ असलेले त्यांचे नंबर.
सव्वासातला मी नुसती बसून.
नूफने विचारलं, बरं नाही का?
समुद्रावर कोणीच नव्हतं.

तीन आठवडे टिकलं ते.
मग रिकामे पाट लांबच्यांनी धरले,
मनिला, नैरोबी, आणखी कुठली कुठली.
रिकामा पाट कोण किती वेळ ठेवतं?
आता चौदाच्या जागी चार-पाच फिरतात. खोटं कशाला सांगू.

रजेच्या दिवशी मी तिकीट काढलं.
विश्राम तोवर ओमानात, दुसऱ्या रेघेवर.
त्याने बजावलं होतं,
एकशे बाराव्या किलोमीटरला लक्ष दे,
चहाचा कप काठोकाठ भरून ठेव.

एकशे दहा. एकशे अकरा.
पांढरं मीठ, तारेचं कुंपण,
तारेला अडकलेली एक पिशवी.
मग तो तुकडा आला असणार.
पाच सेकंद.
चहावर सुरकुतीसुद्धा नाही.
शेजारी एक नर्स तोंड उघडं टाकून झोपलेली,
ती झोपलेलीच.

मी फोन लावला. म्हटलं, अरे, काहीच जाणवलं नाही.
पलीकडे बराच वेळ नुसता वारा.
मग म्हणाला, अच्छा.
आणि चहा? गाडीत चहा कसा देतात?