ठेवूक दिलंय नाय

बर्फाच्या कारखान्यात मी लाद्या मोजते.
आनंदवाडीच्या धक्क्याला ट्रॉलर लागले की
घसरणीवरून चुरा उतरतो आणि मी वहीत लिहिते :
किती गेल्या, कुणाच्या नावावर, घट किती.
घट लिहावीच लागते. बर्फाच्या हिशेबात
दिलेलं आणि पोचलेलं कधी सारखं नसतं.

दुपारी पावणेतीनला दीपश्रीचा फोटो आला.
तो प्रकार मला भाच्याने शिकवला होता :
एकदा उघडायचा, बघायचा, मग तो राहत नाही.
त्याच्या वर्गातली पोरं त्यावर वेडीवाकडी तोंडं पाठवतात.
दीपश्रीने मनगट पाठवलं होतं.

हिरव्या बांगड्यांखाली चार बोटं.
तिची नव्हेत.
मागे फ्रीज, फ्रीजवर मुलाचं वेळापत्रक,
सोमवारी चित्रकला.

मी विचार केला, असं म्हणणार नाही.
दोन बटणं एकदम दाबली गेली,
निसटती लादी धरायला हात आपोआप जातो तशी,
आणि इथला प्रत्येक गडी पहिल्याच आठवड्यात शिकतो
की निसटती लादी धरायची नसते.

फोनने तिला लगेच सांगितलं.
माझं नाव, आणि पुढे : स्क्रीनशॉट घेतला.
मलाही ती ओळ दिसली, करड्या बारीक अक्षरांत,
चहाडी करून कुणी शेजारीच उभं राहावं तशी.

तीन टिंबं. ती लिहीत होती.
टिंबं गेली.
आली.
खाली दौलत तांडेल बर्फासाठी शिव्या घालत होता.
मग एवढंच :
‘कित्याक काढलंस?’
आणि मी ‘पुरावा’ लिहून खोडते आहे तोवर
‘तुका दाखवलंय गो. ठेवूक दिलंय नाय.’

किल्ल्यावर दीपगृहाच्या सावलीत
आम्ही एकमेकींना काय काय दाखवलेलं :
मांडीवरचा डाग, नापासाचं प्रगतिपुस्तक,
तिच्या बापाने भिंतीवर आपटलेला कंपास.
मी ते सगळं ठेवलंय. कुणाला सूचना गेली नाही.

भाच्याला मी नाव न सांगता विचारलं.
तो म्हणाला, मावशी, दुसऱ्या फोनने काढायचा की,
समोरच्याला कळतच नाही.
बारा वर्षांचा आहे. चांगला मुलगा आहे.
तरी मी त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिले.

रात्री पुसला.
तिला लिहिलं, पुसला.
पण घेतल्याची वर्दी जाते,
पुसल्याची जात नाही.
तेवढं माझ्या तोंडावर सोडलेलं आहे,
आणि माझं तोंड तिने त्या दुपारी बघितलं.

शिवाय तेही पुरतं खरं नाही.
फोनच्या तळाशी एक कचऱ्याची पेटी असते,
टाकलेलं तीस दिवस धरून ठेवते.
आज चौदावा.
रोज उघडते. मनगटाकडे बघत नाही,
कोपऱ्यातला आकडा तेवढा बघते.
सोळा.
उद्या कोर्टात, पोलिसात, भावाशी भांडताना
तिला तो लागला तर?
तिने मागितला नाही.
मागेल तेव्हा पेटी रिकामी असली तर?
तिने मागितला नाही.

रविवारी सकाळी सव्वासहाला रत्नागिरीची गाडी आहे.
सौंदाळे नेते, थर्माकोलच्या डब्यात,
बर्फ जरा जास्तच घालून.
दार उघडलं तर उघडलं.
तिने बाही वर केली तर बघेन,
नाही केली तर मासे साफ करू, पोराची चित्रं बघू.
फोन पिशवीत, पिशवी तिच्या दाराबाहेर,
चपलांशेजारी.

डब्याचं वजन करून निघेन.
पोचल्यावर करणार नाही.